ती बाई मीच

१२ जानेवारी

धाकटे,

पाकिटावरचा पत्ता मी आमच्या काजेवालीकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न उघडताच फाडलं असतंस, आणि त्यात तुझं काही चुकलं नसतं. काजेवाली म्हणजे आमच्या कारखान्यात शर्टांना काजं करणारी. तिनं विचारलं, "कोणाला लिहिताय?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकाला." एकोणीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहायचं आणि सुरुवातच खोट्यानं.

तुझा पत्ता तुझ्या वर्गातल्या त्या उंच मैत्रिणीनं दिला. सहजासहजी दिला नाही. तीनदा तिच्या दारात गेले, तेव्हा दिला. तू दातांच्या दवाखान्यात काम करतेस, नवरा समजूतदार आहे, मुलगी आठवीत आहे, एवढं तिनं सांगितलं. ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. तसं वाटून घ्यायचा मला हक्क नाही.

आई बरी आहे. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आता तिला माझ्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता येतात. तेव्हासारखीच अजून माझ्याकडे असते. तुझे भाऊजी चार वर्षांपूर्वी गेले, झोपेतच. कळवायला हवं होतं, कळवलं नाही. मी अजून त्याच गणवेशांच्या कारखान्यात आहे. कापणी सगळी माझ्याकडे असते. चाळीस थर कापड एकावर एक अंथरायचं आणि विजेच्या कात्रीनं एकदम कापायचं. बाया पाठीमागे मला 'कात्री' म्हणतात. ते कामावरून नव्हे, जिभेवरून, हे मला ठाऊक आहे.

लिहायचं कारण वेगळंच. आमच्याकडे एक बाई आहे, शिलाईवाली, पन्नाशीच्या अलीकडची. तुला तेव्हा जो त्रास झाला होता तोच तिला झालाय. खालच्या जागी, चामखिळींसारखं. आधी एक होती, आता पाच-सहा आहेत. दुखत नाहीत, पण खाजतात. बिचारी विचारणार कोणाला? तू तेव्हा छोट्या बाटलीतलं काहीतरी काडीनं लावायचीस. त्याचं नाव आठवत असेल तर कळव. दवाखान्यात जायला ती तयार नाही.

तिच्यासाठी विचारते आहे.

फोन नको करूस, घरात आई असते. कारखान्याच्या पत्त्यावर लिही.

ताई

३० जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. "औषधाचं नाव सांगणार नाही. त्या बाईला डॉक्टरकडे पाठव. त्यांनी बघितल्याशिवाय तिथे काहीच लावायचं नाही. हातापायाच्या चामखिळींचं दुकानातलं औषध तर मुळीच नाही, ती कातडी नाजूक असते. आईला जप." खाली सहीसुद्धा नाही. तरी मी ती चिठ्ठी चारदा वाचली. 'आईला जप' हे दोन शब्द तू कसे लिहिले असशील?

चिठ्ठी दोन दिवस उशिरा आली. त्या बाईनं लावायचं ते लावून टाकलं होतं. तुझ्या भाऊजींच्या पायाच्या कुरपाचं औषध कपाटात पडून होतं. कुरूप जातं तर हेही जाईल, असा हिशोब केला. पहिल्या दिवशी झोंबलं, तिनं दात खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी सालपटं निघाली आणि आग आग झाली. कापणीच्या टेबलापाशी दिवसभर उभं राहायचं काम तिचं, आणि तिला धड उभं राहवेना, धड बसवेना. लघवीला जायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. काजेवालीनं विचारलं, "चालताय कशा अशा?" तर म्हणाली, "पाय मुरगळलाय."

कापणीच्या टेबलापाशी कोण उभं राहतं ते मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. ती बाई मीच. तुला तेव्हाच कळलं असणार, म्हणून 'त्या बाईला' असं लिहून तू माझी लाज राखलीस. मी तुझी राखली नव्हती.

पहिली चामखीळ आंघोळ करताना हाताला लागली, तांदळाच्या दाण्याएवढी. मी आईचा हातातला आरसा मोरीत नेला. या वयात आरसा घेऊन काय बघत होते ते लिहवत नाही. बाहेरून आई म्हणाली, "किती वेळ गं? पाणी गार झालं असेल." मी म्हटलं, "आलेच." आणि साबण लावत राहिले, पाणी ओतत राहिले. पुढे आठ दिवस मी माझा टॉवेल उकळत होते. मग आईचाही उकळायला लागले. आई म्हणाली, "साथ आलीय का कसली?"

टॉवेल उकळताना मला तुझं ताट आठवलं. तुझी ताट-वाटी वेगळी ठेवायला सुरुवात मीच केली होती. त्यानं होतं का, हे कोणाला विचारायचीही मला तेव्हा गरज वाटली नव्हती.

उद्या दवाखान्यात जाते. नक्की जाते.

ताई

११ फेब्रुवारी

धाकटे,

जाऊन आले. उद्या-उद्या करत नऊ दिवस घालवले, पण गेले. लांबच्या दवाखान्यात गेले, दोन गाड्या बदलून. आपल्या भागातल्या दवाखान्याच्या बाकावर निम्म्या बाया मी कापलेले गणवेश घातलेल्या असतात. तिथे गेले असते तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

डॉक्टर बाई आहे. मला मुलगी असती तर तेवढीच असती. मी मान खाली घालून एका दमात सगळं बोलले आणि शेवटी म्हटलं, "मी तसल्यातली नाही."

ती म्हणाली, "कसल्यातली? इथे सगळ्या प्रकारच्या बाया येतात. चामखिळींना त्यातला फरक कळत नाही."

तपासायला झोपवलं तेव्हा मी छताकडे बघत होते. पंख्याची तीन पाती, एकावर जळमट. तिनं विचारलं, "हे भाजलंय कशानं?"

"कुरपाच्या औषधानं."

मला वाटलं हसेल. हसली नाही. "तुम्ही पहिल्या नाही आहात. महिन्यातून एक तरी येतेच. एकानं तर वस्तरा लावला होता."

मग कागदावर चित्र काढून तिनं समजावलं. हा कातडीचा विषाणू आहे, कातडीला कातडी लागून जातो. घाणीचा आणि ताटा-टॉवेलांचा त्याच्याशी संबंध नाही. उपाय बरेच आहेत. काहीच न करता वाट बघितली तरी कित्येकांच्या आपोआप जातात, मात्र महिने लागतात. घरी लावायची औषधं दोन. एक बाटलीतलं, सकाळ-संध्याकाळ तीन दिवस लावायचं आणि चार दिवस विसावा, असं काही आठवडे. तुझी बाटली हीच असणार. दुसरं मलम, आठवड्यातून तीनदा झोपताना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं, ते अंगाच्याच ताकदीला जागं करतं. बाकीचे उपाय दवाखान्यातले: गोठवणं, आम्लाचा थेंब लावणं, नाहीतर जागा सुन्न करून विजेनं जाळणं किंवा कापून काढणं. "यातलं एकच सर्वांत चांगलं असं नाही," ती म्हणाली. "किती आहेत, कुठे आहेत, तुम्हाला काय झेपेल, त्यावर ठरवायचं. आणि आत्ताच सांगते, गेल्या तरी पुन्हा येऊ शकतात. पहिल्या तीन महिन्यांत जास्त. आली तर घाबरून पुन्हा कपाट उघडायचं नाही."

मी मलम घेतलं. घरच्या घरी, दार लावून. भाजलेलं भरून आल्यावर सुरू करायचं आहे.

मग तिनं पेन उचललं. "यजमान?"

"चार वर्षं झाली, गेले."

"आता कोणी?"

"नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. "मी पोलीस नाही. कोणी असेल तर त्यानंही दाखवून घ्यावं, एवढ्यासाठी विचारते. आणि हे कोणाकडून आलं याचा शोध लावत बसू नका. लागत नाही. हा विषाणू महिनोन्महिने गप्प बसतो, कधी वर्षंसुद्धा. जन्मभर एकाच माणसाबरोबर राहिलेल्या बाईलाही होऊ शकतो."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला तू आठवलीस, धाकटे. तुझं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याच्याबद्दल तू तेव्हा म्हणाली होतीस, "ताई, फक्त तोच. दुसरं कोणीच नाही." मी म्हटलं होतं, "असं प्रत्येक जण म्हणतं."

गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करायला लावली. विषाणूचे चामखिळी करणारे प्रकार सहसा कर्करोग करत नाहीत, पण मी ही तपासणी जन्मात केली नव्हती, तेवढं ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मुलींना लहानपणी लस देतात म्हणे, आधी दिली तर टळतं. तुझ्या मुलीला दिलीस का? हे मी विचारायचं नव्हे. पण खोडत नाही, राहू दे.

डॉक्टरला 'नाही' म्हटलं. तुला सांगते. आहे एक जण.

ताई

६ मार्च

धाकटे,

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिते आहे. दुसरीकडे बोलायला जागा नाही.

तो आमच्याकडची यंत्रं दुरुस्त करायला येतो. दर गुरुवारी. बायको वारून सहा वर्षं झाली. बाया त्याला 'तेलवाले' म्हणतात, कारण खिशात कायम तेलाची कुपी. दोन वर्षांपूर्वी माझ्या कात्रीचं पातं अडकलं, ते सोडवताना म्हणाला, "यंत्र चांगलं आहे, नुसतं ओढाताणीनं तापलंय. थोडं थांबवत जा." मला इतक्या वर्षांत कोणी थांब म्हटलं नव्हतं. बास, एवढंच निमित्त. कुलपांच्या दुकानावर त्याची खोली आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी आईला सांगायचे, बटणं बघायला बाजारात चालले. आई म्हणायची, "किती बटणं लागतात गं तुम्हाला!"

हसू नकोस. किंवा हस.

मलम सुरू केल्यावर दोन महिने टाळलेली भेट मी घेतली. डॉक्टरला खोटं बोलले तरी त्याला सांगायला हवंच होतं. तो शेगडीपाशी चहा करत होता. मी पाठीमागून म्हटलं, कारण तोंडावर बोलवलं नसतं. "मला एक त्रास झालाय. कातडीचा आहे, एकमेकांपासून होतो. तुम्हीही दाखवून घ्या. डॉक्टरचा पत्ता आणलाय."

त्यानं गॅस बारीक केला. मग म्हणाला, "माझ्याआधी कोण होतं?"

"नवरा."

"त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मधे?"

"कोणी नाही."

"हे बघ, खरं सांग. मी काही बोलणार नाही. कोणाकोणाबरोबर होतीस?"

धाकटे, हा प्रश्न माझा होता. शब्द न् शब्द माझा. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तू उभी होतीस, मुठीत ती बाटली, आणि मी तुला हेच विचारलं होतं. 'मी काही बोलणार नाही' हेसुद्धा म्हटलं होतं. त्या वेळी तू काहीच न बोलता माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं होतं, गुन्हा कबूल आहे म्हणून गप्प आहे. त्या दिवशी मीही तशीच उभी राहिले. तोंडाला कुलूप लागतं. खरं बोललं तरी तेच आणि नाही बोललं तरी तेच, हे कळलं की माणूस बोलायचं सोडून देतो.

पत्ता टेबलावर ठेवून मी खाली आले. त्या गुरुवारी तो आला नाही. दुसराच माणूस आला, म्हणाला, आता यापुढे मीच येणार. बायांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं तर. मी एकटीच झाकत बसले होते.

मलमानं तिथे फार लाल झालंय, सुजलंय. डॉक्टर म्हणाली, तुमच्या कातडीला मानवत नाही, थांबवू या. आता गोठवायचं ठरलं आहे.

ताई

२८ मार्च

धाकटे,

तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी पूर्ण पानभर! मुलीला लस दिलीस, "सगळ्यात आधी रांगेत उभी होते" असं लिहिलंस. बरं केलंस.

आज तिसऱ्यांदा गोठवून आले. धूर निघणाऱ्या थंड पातेल्यात काडी बुडवतात आणि एकेका चामखिळीला टेकवतात. थंड म्हणतात, पण लागतं विस्तवासारखं. सुई टोचून ठेवल्यासारखं काही क्षण, मग ठणका. फोड येतो, खपली धरते, पडते. परिचारिका माझा हात धरून उभी राहते आणि मला तिच्या मुलाच्या अभ्यासाच्या तक्रारी सांगते. पहिल्या वेळी मी तो हात झिडकारला होता. आज मीच आधी हात पुढे केला. सहापैकी चार गेल्या. तपासणीचा अहवालही चांगला आला, काळजीचं काही नाही.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. तुझं लग्न ठरलं होतं त्या रंगवाल्यांच्या घरी जाऊन कोणी सांगितलं, आईनं का? इतकी वर्षं तू आईनंच सांगितलं असं धरून चालली आहेस, म्हणून एकदाही तिची चौकशी केली नाहीस, असंही लिहिलंस.

आई तेव्हा फार घाबरली होती. जुन्या वळणाची बाई. तिला काय सुचलं असेल, काय नाही. आता इतक्या वर्षांनी तो विषय कशाला? झालं ते झालं.

तब्येत सांभाळ.

ताई

२९ मार्च

धाकटे,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आले. आई दारात पाय पसरून शेंगा सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "थकलीस का गं? चेहरा उतरलाय. बस, मी चहा टाकते." आणि गुडघ्याला हात देत उठली.

मला तो चहा गेला नाही.

काल मी तुला उत्तर दिलं नाही, आईला पुढे केलं. सकाळी टपालकचेरी उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले, पत्र परत मागायला. कारकून म्हणाला, "पेटीत पडलं ते सरकारचं, बाई." म्हणून हे दुसरं. हे आधी मिळालं तर ते वाचूच नकोस.

रंगवाल्यांकडे मी गेले होते. आई नव्हे. आईला त्यांचं घरही माहीत नव्हतं.

तू मला सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी गेले. साडी बदलून, केस नीट विंचरून गेले, कोणाच्या बारशाला निघाल्यासारखी. त्याच्या आईनं मला सरबत दिलं. मी ते प्यायले. मग म्हटलं, "तुम्हाला फसवलं असं नंतर वाटायला नको, म्हणून सांगते. आमच्या धाकटीला वाईट रोग झालाय." 'चामखिळी' म्हटलं असतं तर त्या बाईनं कदाचित डॉक्टरला विचारलं असतं. मी 'वाईट रोग' म्हटलं. आईलाही तेच म्हटलं. वर सांगितलं की तिला काही विचारू नकोस, तिला हात लावू नकोस, तुझं वय झालंय. आई रडत राहिली आणि मी तुझं ताट वेगळं केलं.

आठ दिवसांनी लग्न मोडलं आणि तू घर सोडून गेलीस. तू ज्याच्याकडून आणलं असशील तो मुलगा त्याच गल्लीत सहा महिन्यांत बोहल्यावर चढला. त्याला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

का केलं ते विचारशील. मी स्वतःला सांगत आले की घराच्या अब्रूसाठी. ते खरं नाही. तू त्याच्याबद्दल बोलायला लागलीस की तुझा आवाज बदलायचा. माझं लग्न होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती आणि तुझे भाऊजी मला नावानं हाकसुद्धा मारत नसत. तुला लग्नाआधीच जे मिळालं होतं ते मला लग्न करूनही मिळालं नव्हतं. आणि तू आलीस ती बाटली घेऊन, घाबरलेली, माझ्यावर विश्वास टाकून. मला तुझी दया यायला हवी होती. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण बरं वाटलं. जगात हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

या आजाराची मला लाज वाटत होती, म्हणून मी लांबचा दवाखाना गाठला, दोन गाड्या बदलून. आता त्याची फारशी वाटत नाही. कातडीचं दुखणं आहे, औषध आहे, जाईल. ज्याची लाज वाटायला हवी होती ती मी एकोणीस वर्षं आईच्या पदराआड ठेवली.

माफ कर म्हणत नाही. तेवढं तोंड नाही. पण आईवर राग धरू नकोस. तिचा गुन्हा एवढाच की तिनं माझं ऐकलं.

ताई

१९ एप्रिल

धाकटे,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालत नाही. पण जे झालं ते तुला कळायला हवं.

आधी किरकोळ. सगळ्या गेल्या होत्या, परवा एक पुन्हा दिसली, मोहरीएवढी. मी कपाट उघडलं नाही. दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाली, "सांगितलं होतं ना." आम्लाचा एक थेंब लावला, पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. तिला मी म्हटलं, "मागे तुम्ही विचारलं होतंत, कोणी आहे का. होतं. मी खोटं बोलले." ती म्हणाली, "माहीत आहे. तुम्ही दिलेला पत्ता घेऊन ते गेल्याच आठवड्यात येऊन गेले."

तो कारखान्याच्या दारात उभा होता काल. त्यालाही दोन निघाल्या, कधीपासूनच्या त्यालाही माहीत नाही. इतके दिवस बघितलंच नव्हतं म्हणाला. खाली बघत म्हणाला, "मी तुला तो प्रश्न विचारायला नको होता." मी म्हटलं, "औषध नीट लावा. दुकानातलं काही लावू नका." एवढंच बोलले. पुढचं अजून ठरवलेलं नाही. त्याला एका प्रश्नासाठी जन्मभर बाहेर उभं करायचं, तर माझं काय करायचं, हे आधी बघावं लागेल.

आता मुख्य.

रविवारी सकाळी आईची वेणी घालत होते. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून जमलं. म्हटलं, "आई, धाकटीला जे झालं होतं ना, तेच मला झालंय."

तिनं एकदम मागे वळून माझा हात धरला. घट्ट. "अगं, मग उठलीस कशाला? झोप आधी. डॉक्टर काय म्हणतात? किती दिवस सांगितले?"

मला आधी कळेना. मग कळलं. तिला वाटत होतं मी मरणार. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तू मेली असशील. माझ्या 'वाईट रोगा'चा तिनं तोच अर्थ घेतला होता. तुझं नाव ती काढत नव्हती ते रागानं नाही. वाईट बातमी ऐकावी लागेल या भीतीनं ती विचारतच नव्हती. मी समोर बसून तुझं नाव न काढणाऱ्या आईकडे रोज बघत होते आणि मला वाटत होतं, तीही माझ्यासारखीच आहे.

मी म्हटलं, "आई, मरायचं काही नाही. चामखिळी आहेत. खालच्या जागी येतात. मलम असतं, गोठवतात, जातात. ती जिवंत आहे. तिचं लग्न झालंय. तुला नात आहे, आठवीत."

"चामखिळी?" आई म्हणाली.

"हो."

"हाताला येतात तसल्या?"

"जवळजवळ तसल्याच."

तिनं माझ्याकडे बघितलं. नव्या डोळ्यांनी. मग अगदी हळू म्हणाली, "चामखिळीसाठी माझी पोरगी घालवलीस?"

मी रंगवाल्यांचंही सांगितलं. सरबत प्यायले तेही सांगितलं. तिनं माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि उरलेली वेणी स्वतःच घातली, वाकडीतिकडी. तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझं ताट मात्र रोज वाढून ठेवत होती, तिच्या ताटाला लावून.

आज दुपारी म्हणाली, "तिला पत्र लिहितेस ना? आण इकडे. मागच्या बाजूला जागा सोड." तिला लिहायची सवय राहिलेली नाही, हात कापतो. मी म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." तर म्हणाली, "नको. तुझ्या तोंडून एकदा सांगून बघितलं."

तिनं काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. पाकीट तिच्यासमोरच चिकटवते आहे, आणि या वेळी पत्ता माझ्या अक्षरात आहे.

ताई

धाकटे मी आई. डोळे बरे आहेत पण ओळ वाकडी जाते. तुला मुलगी झाली, मला नात झाली, हे मला चार दिवसांपूर्वी कळलं. मी तुला विचारायला हवं होतं. दुसऱ्याचं ऐकून गप्प बसले, ती चूक माझी, ती हिच्या खाती घालू नको. हिच्यावर राग ठेवायचा का नाही ते तुझं तू बघ. मी माझं अजून बघते आहे. मी येते. गाडीत कोणी बसवून दिलं की एकटी येईन. तू म्हणशील तोवर हिला आणणार नाही. तुमच्या घराला जिने किती तेवढं कळव. किती असले तरी येणार आहे, नुसतं माहीत असावं म्हणून विचारते.